बंब छपरावर उभा करायचा आहे

"साहेब, तुमच्या घरी अंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

प्रश्न सुटला आणि शाळेच्या सभागृहात अशी शांतता पसरली की मागच्या बाकावरून कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं, ते आपल्याच डोक्यात पडल्यासारख्या मुख्याध्यापिकाबाई दचकल्या. विचारणारी मुलगी दहावीतली. मैत्रिणी तिला तोफ म्हणत. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. यंदा काय झालं कुणास ठाऊक, पण कंठ फुटला तो असा फुटला की वर्गातल्या खिडक्यांनी धसका घेतला.

प्रश्न तसा तिचा नव्हताच. चष्मिस आणि पेन्सिल या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी. पैज त्यांनी लावली होती. "एवढी तोफ आहेस ना, मग साहेबांना विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू." शहरातल्या ऊर्जा कचेरीचे साहेब त्या दिवशी गावात आले होते. विषय होता, खेड्यापाड्यांत सूर्याची उष्णता घरोघरी कशी न्यावी. जगात कुठेकुठे, गरीब देशांतल्या आडगावांत, लोक लाकडं जाळायचं सोडून उन्हावर पाणी कसं तापवतात, अन्न कसं शिजवतात, याची चित्रं पडद्यावर सरकत होती. काळी पेटी, वर काच, आत तांब्याच्या नळ्या, शेजारी टाकी. साहेब तळमळीने बोलत होते. आणि तोफ तिसऱ्या रांगेत बसून मनातल्या मनात एकाच प्रश्नाची तालीम करत होती. 'घरी' वर जोर द्यावा की 'तुमच्या' वर? या तालमीत व्याख्यान कुठल्या कुठे वाहून गेलं. एवढी गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे छपरावर भेटणार आहे.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस भला असावा. खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी घेतला आणि मग खरंच सांगून टाकलं.

"विजेवर."

सभागृह फुटलं. साहेबही हसले. "आमच्या समोर उंच इमारत आहे गं. आमच्या छपरावर ऊन पोचतच नाही. तुमच्या छपरावर पोचतं का?"

"भरपूर! आमच्या आत्याच्या शेंगा दोन दिवसांत कडकडीत वाळतात," तोफेने दुसरा गोळा डागला. टाळ्या पडल्या. टाळ्या ही फार वाईट गोष्ट. टाळ्या पडताना माणूस कशालाही हो म्हणतो.

"मग गावातला पहिला संच तुझ्याच घरी बसवू," साहेब म्हणाले. "चालेल?"

"चालेल!"

"घरच्यांना विचारायला नको?"

"नको!"

साहेबांनी अटी सांगितल्या. संच लगेच पाठवतो. घरमालकाचा अर्ज मागाहून कचेरीत आला पाहिजे. सत्र संपायच्या आत मी तपासणीला येईन, तेव्हा संच चालू दिसला पाहिजे. नसला, तर उचलून पलीकडच्या गावाला देणार. "पलीकडचं गाव रांगेत उभंच आहे," ते म्हणाले, आणि सगळ्या शाळेने तोफेकडे असं पाहिलं की जणू गावाची सीमा तिच्या एकटीच्या खांद्यावर आहे.

दप्तर त्या दिवशी पेन्सिलने वाहिलं. तोफ मात्र घराच्या फाटकापाशी पोचेपर्यंत हळूहळू परत गेल्या वर्षीची मुलगी होत गेली.

*

तोफेच्या घरी चार माणसं आणि एक बंब. बंब तांब्याचा, पोटात आग आणि आगीभोवती पाणी, अशा तापट स्वभावाचा. रोज पहाटे आई त्याच्यापुढे उकिडवी बसायची, बंबफोडीचे लाकडी तुकडे आत सारायची, फुंकणीने फुंकायची, आणि धूर आधी आईला आणि मग चिमणीला असा आपल्या मर्जीने जायचा. पाणी तापलं की अंघोळीची रांग ठरलेली. आधी बाबा, कारण त्यांना टपाल कचेरी उघडायची. मग आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, कारण ती मोठी. मग तोफ, कारण शाळा. शेवटी आई. तोवर आत आग विझलेली आणि पाणी असं, की त्याला गार म्हणावं तर बंबाचा अपमान आणि गरम म्हणावं तर आईचा. लग्न झाल्यापासून आई त्याच पाण्याने अंघोळ करत आली होती. तक्रार म्हणून कधी नाही. फक्त थंडीत न्हाणीघरातून एक बारीकसा 'स्स्स' ऐकू यायचा, आणि घरातल्या बाकी तिघांनी तो न ऐकण्याची चांगली सवय लावून घेतली होती.

"काय करून आलीस?" बाबा म्हणाले. हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "आपल्या छपरावर? मला न विचारता?"

"साहेब म्हणाले, अर्ज करावा लागेल," तोफ म्हणाली.

अर्ज! बाबांचा चेहरा असा उजळला की संच न बसवताच सौर ऊर्जेचा प्रत्यय आला. बाबा टपाल कचेरीत कारकून होते, पण गावात त्यांची ख्याती अर्जांवर होती. नळ नाही, रस्ता नाही, म्हैस हरवली, म्हैस सापडली पण भलत्याचीच, कसलाही अर्ज असो, 'सविनय' पासून 'कळावे' पर्यंत बाबाच लिहीत. त्यांच्या अर्जात परका शब्द औषधालाही सापडत नसे.

"सोलर वॉटर हीटर," तोफेने माहितीपत्रकावरचं वाचून दाखवलं.

"छे छे छे. तीन शब्द, आणि एकही आपला नाही! पाणी तापवतो त्याला काय म्हणतात? बंब. सूर्यावर तापवतो त्याला? सौर बंब. संपलं." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून वळणदार अक्षरात विषय लिहिला : 'सौर बंब मिळणेबाबत.'

आत्या म्हणाली, "चांगला तांब्याचा बंब आहे. त्याला काय धाड भरली? उन्हाचं पाणी अंगाला बाधलं म्हणजे?"

आई दारात उभी होती. हात पुसत तिने एकच विचारलं, तेही फार हळू, "त्यात शेवटच्यालाही गरम मिळतं का गं?"

तोफेला उत्तर माहीत नव्हतं. व्याख्यानात होतं बहुतेक. पण हा प्रश्न तिच्या स्वतःच्या प्रश्नापेक्षा चांगला होता, हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि जरा लागलंही.

"मिळतं," ती म्हणाली. आता ते मिळायलाच हवं होतं.

*

बातमी फुटली आणि शेजारचे शिंपीकाका गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून कुंपणापाशी आले.

"वहिनी, मी भांडायला आलेलो नाही," त्यांनी सुरुवात केली. भांडण नेहमी याच वाक्याने सुरू होतं. "पण सूर्य उगवतो माझ्या बाजूला. म्हणजे ऊन आधी माझ्या छपरावरून जातं आणि मग तुमच्या. बरोबर?"

"बरोबर," बाबा सावधपणे म्हणाले.

"तुम्ही ते पेटीत ओढून घेणार. ओढ लागली की माझ्याकडचंही खेचलं जाणार. विहिरीला पंप लावला की शेजारची विहीर आटते की नाही?"

बाबा विचारात पडले. माणूस अर्जात हुशार असला तरी उन्हात हुशार असतोच असं नाही. शेवटी तोफ म्हणाली, "काका, तुमचं ऊन कमी झालं तर आम्ही बादली भरून गरम पाणी देऊ."

"हे लेखी मिळेल?"

लेखी म्हटल्यावर बाबांनी टोपण काढलंच.

संच आला. दोन माणसांनी तो टेम्पोतून उतरवला, अंगणात ठेवला, 'बसवणं तुमच्याकडे' असं म्हणून चहा घेतला आणि गेली. बसवायला बाजारातला नळवाला आला. त्याने नळ्या पाहिल्या, टाकी पाहिली, डोकं खाजवलं.

"ही पेटी छपरावर. ही टाकी कुठं?"

चित्रात टाकी पेटीच्या वर होती. पण चित्र होतं माहितीपत्रकात, माहितीपत्रक होतं बाबांकडे, आणि बाबांकडे होती प्रतिष्ठा. "एवढं मोठं पिंप छपराच्या डोक्यावर? रस्त्यावरून दिसेल. लोक म्हणतील, टपालवाल्याने घराला टोपी घातली. टाकी खाली न्हाणीघराच्या पत्र्यापाशी ठेवा, आडोशाला."

"मला काय, पाणी खालीच वाहतं. सोपंच झालं," नळवाला म्हणाला.

साहेबांनी व्याख्यानात एक वाक्य तीनदा सांगितलं होतं : गरम पाणी हलकं होतं, आपोआप वर चढतं, म्हणून टाकी नेहमी पेटीच्या वर. तीनदा सांगितलं होतं हे पुढे चष्मिसकडून कळलं. त्या वेळी तोफ अंगणात उभी होती, नळवाल्याची अवजारं धरून होती, आणि जाणकारासारखी मान डोलावत होती.

पाणी तापलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बंबफोड फोडणं चालू राहिलं, फुंकणी चालू राहिली, न्हाणीघरातला 'स्स्स' चालू राहिला. नवी गोष्ट एवढीच, की सकाळी शाळेत जाताना रस्त्यावरचा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय, तापलं का?"

कारणमीमांसा मात्र घरबसल्या मिळू लागली. शिंपीकाका म्हणाले, हल्लीच्या उन्हात पूर्वीचा दम नाही, कापड पूर्वी कसं विटायचं! नळवाला म्हणाला, पाणी जड आहे. बाबांचं मत सर्वांत भारदस्त होतं. "अर्ज अजून मंजूर कुठे झालाय? मंजुरीआधी तापेल कसं?"

खरं कारण आत्याला माहीत होतं, पण ते कारण आहे हे आत्याला माहीत नव्हतं. रोज सकाळी सगळे बाहेर पडले की ती शिडीने छपरावर जायची आणि त्या काळ्या पेटीच्या काचेवर आपल्या शेंगा पसरायची. "काय सुरेख तापते गं काच," ती शेजारणींना सांगायची. "सरकारने शेंगांसाठी इतकं चांगलं काही पूर्वी केलं नव्हतं."

*

इकडे अर्जाचा प्रवास सुरू झाला होता. बाबांनी स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का मारला, इतका ठसठशीत की पाकिटाला कळ यावी. पत्ता घातला, 'मा. प्रमुखसाहेब, शहर कचेरी.' ऊर्जा शाखा लिहिली नाही. प्रमुख म्हटल्यावर त्यांना आपल्या शाखा माहीत असणारच, त्या आपण सांगणं उद्धटपणाचं दिसतं, असं त्यांचं मत.

आठवड्याने उत्तर आलं. 'आपला अर्ज मिळाला. बंब आगीचा की पाण्याचा, याचा खुलासा करावा.'

"पाहिलंस? किती बारकाईने वाचतात!" बाबा आईला म्हणाले. त्यांनी लिहिलं : 'पाण्याचा. तथापि आमच्याकडे सध्या असलेल्या बंबात आगही असते.'

पुढचं पत्र आलं. 'बंब कोठे उभा करणार? रस्त्याची रुंदी कळवावी.' बाबांना प्रश्न जरा आडवळणाचा वाटला, पण कचेरीला 'का' विचारायचं नसतं. 'बंब छपरावर उभा करायचा आहे. छप्पर मजबूत आहे. रस्ता बैलगाडीपुरता आहे.'

त्यापुढे : 'छपरावर, हे बरोबर वाचले काय? बंब किती लोकांना पुरेल अशी अपेक्षा आहे व चालवण्याचा अनुभव कोणास आहे?'

बाबा रंगात आले. 'घरातील चौघांना पुरावा. शेजाऱ्यांनी बादली मागितल्यास त्यांनाही द्यावयाची तयारी आहे, तसे लेखी दिले आहे. अनुभवाबाबत सविनय नमूद करतो की, माझी पत्नी लग्न झाल्यापासून रोज पहाटे स्वतः बंब पेटवते.'

तोफेने ते वाचलं. काहीतरी चुकतंय असं तिला अंधुक वाटलं, पण बाबांच्या भाषेत चूक काढणं म्हणजे सूर्यात चूक काढणं. आणि सूर्याशी तिचं आधीच जमत नव्हतं.

कारण साहेबांचा निरोप आला होता. तपासणी गुरुवारी. अर्ज कचेरीत अजून पोचलेला नाही, तोही तयार ठेवावा. पलीकडच्या गावाने टेम्पो ठरवला आहे.

"पोचलेला नाही?" बाबा हबकले. "तीन पत्रं आली मला! शाखेशाखेत काय हे!"

आईने जुन्या बंबावरची राख फडक्याने पुसली, जणू काही त्याला 'चल बाबा, आपलं आपण' असं सांगत होती. तोफेला ते पाहवेना. पैज कधीच संपली होती. दप्तर तिचं तीच वाहत होती. पण 'मिळतं' असं ती आईला म्हणाली होती, आणि ते वजन दप्तराहून जास्त होतं.

*

गुरुवारी बाबांनी तपासणीसाठी रजा घेतली, शाळेला दांडी मारून तोफ सकाळीच छपरावर चढली, आणि शेंगांचा शोध लागला.

"आत्या!!"

"ओरडू नको, खाली घेते," आत्या म्हणाली. "एवढ्या मोठ्या पेटीत जरा जागा दिली तर..."

शेंगा उतरल्या. तोफेने काच धुतली, पुसली, परत पुसली. काच आरशासारखी झाली. ऊन स्वच्छ होतं, हवा थंड होती, आणि पेटी पहिल्यांदाच पोटभर ऊन प्यायला लागली. तोफेने खाली येऊन कमरेवर हात ठेवले. "आता बघाच," ती म्हणाली.

बघावंच लागलं. ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला छपरातून आवाज आला. आधी कुणी दात ओठ खावेत तसा. मग किटलीसारखा. मग वरच्या उघड्या नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट असा उसळला की झाडावरचे कावळे तक्रार करत उडाले. पेटीतलं पाणी वर चढायला निघालं होतं आणि टाकी बसली होती खाली. बिचारं जाणार कुठे? आत कोंडून उकळत बसलं.

शिंपीकाकांनी अर्धवट शिवलेल्या सदऱ्यासकट बाहेर उडी घेतली. "आग! टपालवाल्याच्या घराला आग! सांगितलं होतं, जास्त ऊन ओढू नका म्हणून!"

"आग नाही हो काका, वाफ आहे!" तोफ खालून ओरडली.

"वाफ आगीचीच असते!" हे उत्तर शास्त्राला धरून होतं. काकांनी फोन काढला, चष्मा शोधला, आगीच्या बंबाचा नंबर लावायला घेतला. त्यांचा पहिला आकडा दाबून व्हायच्या आत गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली आणि लालभडक आगीचा बंब, दोन्हीकडची कुंपणं वाचवत वाचवत, घरासमोर येऊन उभा राहिला.

काकांनी फोनकडे पाहिलं. बंबाकडे पाहिलं. परत फोनकडे पाहिलं. आपण फोन केला की लगेच बंब येतो, असं ते त्या दिवसापासून गावभर सांगतात, आणि त्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे.

बंबातून अग्निशामक पथकाचा झुपकेदार मिशांचा, शांत नायक उतरला. बरोबर तिघं जवान. छपरावरच्या वाफेकडे त्याने एक नजर टाकली, तिच्यात दम नाही हे ओळखलं, आणि बगलेतून फाईल काढली.

"अर्जदार कोण?"

"मी," बाबा सवयीने म्हणाले.

"कायमचा बंब मागितलाय तुम्ही. छपरावर उभा करायला." नायकाने आधी बंबाकडे आणि मग कौलांकडे पाहिलं. "वरिष्ठ म्हणाले, जागा पाहून अहवाल द्या. पाहिली."

अंगणात जमलेल्या सगळ्यांनी जागा पाहिली. बाबांच्या चेहऱ्यावर पांढरा, मग तांबडा, मग टपालाच्या लाखेसारखा रंग आला. 'बंब,' ते स्वतःशी पुटपुटले. 'आगीचा की पाण्याचा... अरे देवा.'

"आणि यात असं लिहिलंय," नायक पानावर बोट ठेवून म्हणाला, "की पत्नी रोज पहाटे बंब पेटवतात. आमच्या शाखेत यावर फार चर्चा झाली."

"मग? दुसरं कोण पेटवणार?" आई पुढे आली.

"बाई, आम्ही बंबाने आग विझवतो. पेटवत नाही."

"मग तुमच्या घरी अंघोळीला पाणी कशावर तापतं?"

तोफेने आईकडे पाहिलं. तोच प्रश्न. पैज नाही, तालीम नाही, आणि 'तुमच्या' वरचा जोर अगदी नेमका. नायकाच्या मिशा हलल्या. तो हसायला लागला, जवान हसले, शिंपीकाका कुणी सांगितलं नसताना हसले. हसले नाहीत फक्त बाबा. ते पायरीवर बसले होते. मराठीवर इतकं प्रेम करून तिने आपल्याला भरचौकात असा दगा द्यावा, याचं त्यांना दुःख होत होतं.

"बाबा," तोफ त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "शब्द बरोबरच होता. एका बंबात पाणी बाहेर आणि आग आत, एका बंबात पाणी आत आणि आग बाहेर. चूक बंबांची आहे."

बाबांनी मान वर केली. "असं म्हणतेस?"

तेवढ्यात चष्मिस आणि पेन्सिल धावत आल्या. घंटा शाळेपर्यंत ऐकू गेली होती. चष्मिसने छपराकडे पाहिलं, न्हाणीघराच्या पत्र्याकडे पाहिलं, आणि चष्मा सावरत म्हणाली, "अय्या, टाकी खाली का? साहेबांनी तीनदा सांगितलं होतं, वर ठेवा म्हणून. तू ऐकलं नाहीस?"

तोफेने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग उठली.

"टाकी वर न्यायची," ती म्हणाली. "आत्ता. साहेब दुपारी येतील."

"आणि ठेवणार कशावर?" नळवालाही गर्दीत होताच. "पेटीपेक्षा उंच घडवंची पाहिजे. लोखंडी. ती काय झाडाला लागते?"

शिंपीकाकांनी घसा खाकरला. त्यांच्या मागच्या पडवीत जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा पडून होता. मशीन कधीच गेलं होतं, सांगाडा त्यांनी मायेने ठेवला होता. "त्याच्यावर माझं पोट चाललंय," ते म्हणाले. "पिंपाचंही चालेल. पण बादलीचं कलम कायम."

"कायम!" बाबा पायरीवरून उठले. त्यांच्यात जीव आला होता.

आगीच्या बंबाची शिडी लागली. जवानांनी आधी पेटीवर चादर टाकून तिला शांत केलं. मग सांगाडा चढला, मग टाकी चढली. नळवाल्याने नळ्या उलटसुलट करून नीट जोडल्या; खालून गार, वरून गरम. चष्मिस खालून सूचना देत होती, तोफ वरून त्या ऐकत होती, आणि दर सूचनेला "का?" विचारून उत्तर येईपर्यंत थांबत होती. शेवटी प्रश्न आला पाण्याचा. गावचा नळ संध्याकाळी येतो. टाकी भरायची कशाने?

नायकाने आपल्या लाल गाडीवर हलकेच थाप मारली.

अशा रीतीने पाण्याच्या बंबाने पाण्याचा बंब भरला. 'पाण्याचा' हा बाबांचा खुलासा अखेर बरोबर ठरला, आणि ते त्यांनी जमलेल्यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र गाठून सांगितलं. जाताना नायकाने फाईल त्यांच्या हातात ठेवली. "अहवालात लिहितो, जागा बंबाला अयोग्य, माणसं चांगली."

चादर निघाली. ऊन पेटीत उतरलं. आता कुठे आवाज नाही, वाफ नाही. थोड्या वेळाने तोफेने टाकीच्या वरच्या नळीला हात लावला, आणि झटकन काढून घेतला. तो चटका तिने खाली येऊन सगळ्यांना दाखवला. इतक्या अभिमानाने कुणी पदकही दाखवत नाही.

*

साहेब आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्यांच्या मागे पलीकडच्या गावाचा टेम्पो, इंजिन चालू ठेवून.

"काय, तापतं का पाणी?"

इथे एक अडचण उभी राहिली. पाणी तापलं होतं, पण ते तापलं होतं दुपारी. बाबा पहाटेच अंघोळ करून बसले होते. "परत अंघोळ? मी काय पोहायला जातो का?" आत्याने हात जोडले, "भर दुपारी मी न्हाणार नाही, अंगाला बाधेल." तोफ अंगभर धूळ, गंज आणि वंगण घेऊन उभी होती, ती धावली. पण न्हाणीघराचं दार आतून बंद होतं.

"आई?"

आतून पाण्याचा आवाज आला. सकाळपासूनच्या धांदलीत आईची अंघोळ राहिली होती. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी, कुणाला न सांगता, आत गेली होती.

साहेब व्हरांड्यात थांबले. बाबांनी बसायला खुर्ची दिली आणि फाईल दिली. साहेब वाचू लागले. 'छपरावर उभा करायचा' पर्यंत ते गंभीर होते. 'रोज पहाटे स्वतः बंब पेटवते' ला त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. आतून पाणी अंगावर ओतल्याचा आवाज येत राहिला. एक तांब्या. आणखी एक. आणि त्या आवाजात काहीतरी नव्हतं. तोफ कान देऊन ऐकत होती, बाबाही ऐकत होते, आत्याही. 'स्स्स' नव्हता. इतकी वर्षं तो न ऐकणारी ती तिघं आज तो ऐकू येत नाही म्हणून एकमेकांची नजर चुकवत बसली.

मग आतून गुणगुणणं आलं. आई गाते, हे तोफेला माहीत नव्हतं.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तपासणी चालू आहे," तोफ म्हणाली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आई लालबुंद, केसांतून वाफा निघताहेत, आणि समोर एवढी माणसं पाहून ओशाळलेली. पण तिला पहिलं सांगायचं होतं ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही. "अजून शिल्लक आहे. आणि गरमच आहे!"

साहेबांनी टोपण काढून तपासणीच्या कागदावर सही केली. टेम्पो रिकामाच परत गेला. रात्रभर टाकीत पाणी गरम राहतं, पहाटेही मिळेल, असं साहेबांनी जाताजाता सांगितलं, आणि ते वाक्य तोफेने दोनदा म्हणवून घेतलं. मग ते म्हणाले, "गावात आणखी संच येतील. त्यांच्या देखभालीला गावातलंच कुणीतरी हवं. सुट्टीत शहरात प्रशिक्षण आहे. एक नाव द्या."

साहेब गेले आणि शिंपीकाकांनी कुंपणावरून आपलं नाव सुचवलं, कारण सांगाडा त्यांचा. आत्या बाबांकडे बोट दाखवून म्हणाली, "हा जाईल, हा लिहिता आहे." बाबांनी खुर्ची पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'विषय : सौर बं...'

तोफेने कागद हळूच आपल्याकडे ओढला.

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून अंघोळीला पहिला नंबर आईचा. सुट्टीत शहरात मी जाणार. आणि अर्ज मी लिहिणार. त्यात बंब हा शब्द येणार नाही."